शेजाऱ्याचा डोळा : पर्यावरणस्नेही राहणी आणि लोकांचा निवाडा

खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवणे, दात घासताना नळ बंद ठेवणे, बाजाराला जाताना घरची पिशवी नेणे या गोष्टी वरवर पाहता ज्याच्या त्याच्या घरातल्या होत. त्यांचा हिशेब पूर्वी घरची कर्ती बाई ठेवी आणि त्याला काटकसर असे साधे नाव होते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत मात्र या हिशेबाला दुसरे एक खाते जोडले गेले आहे. जाळलेल्या कोळशाचा धूर सर्वांच्या हवेत मिसळतो आणि फेकलेली पिशवी सर्वांच्या गटारात अडकते हे ध्यानात आल्यापासून दिवा मालवणे ही केवळ बचत राहिली नाही. ती सद्वर्तनाची खूण ठरली, आणि दिवा जळत ठेवणे हा लहानसा का होईना, अपराध ठरला. अपराध आला की निवाडाही येतो; आणि येथे निवाडा करणारे पंच म्हणजे बहुधा शेजारीपाजारी, नातलग आणि कचेरीतले सोबती असतात.

हा निवाडा माणसाच्या वर्तनावर कितपत परिणाम करतो, कोणत्या वेळी तो उपयोगी पडतो आणि कोणत्या वेळी तो उलटतो, यांविषयी मानसशास्त्रज्ञांनी व अर्थशास्त्रज्ञांनी अलीकडच्या काळात पुष्कळ प्रयोग केले आहेत. त्यांपैकी काहींचा परिचय वाचकांना करून देणे हा या पुस्तिकेचा उद्देश आहे.

त्यापूर्वी एका विसंगतीकडे लक्ष वेधले पाहिजे. दोन गृहस्थ रोज सायकलने कामावर जातात अशी वाचकाने कल्पना करावी. पहिल्यापाशी मोटार घेण्याइतका पैसाच नाही. दुसऱ्याच्या दारात मोटार उभी आहे, परंतु हवा दूषित होऊ नये म्हणून तो ती बाहेर काढत नाही. लोक कौतुक करतात ते दुसऱ्याचे. पहिल्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, आणि उद्या त्याने कर्ज काढून एखादी जुनी दुचाकी घेतली तर तिच्या धुराबद्दल त्याला चार शब्द ऐकवायला मात्र लोक मागेपुढे पाहत नाहीत. नीतीचा निवाडा हेतूकडे पाहतो. हवेला हेतू कळत नाही. तिला धूर तेवढा कळतो. अमेरिकेतील सरासरी माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो, जगातील सरासरी माणसामागे पावणेपाच टनांच्या आसपास आणि भारतीय माणसामागे सुमारे २ टन. भारतातील दोन टनांची ही सरासरीदेखील फसवी आहे, कारण वातानुकूलित घरात राहणारा आणि विमानाने हिंडणारा भारतीय व एका दिव्यावर रात्र काढणारा भारतीय असे दोघेही तिच्यात मिसळलेले आहेत. हेतूचा हिशेब आणि धुराचा हिशेब यांत पडणारी ही तफावत वाचकाने पुढील विवेचन वाचताना मनाशी बाळगावी.

लोक काय करतात आणि लोकांना काय रुचते

‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न मराठी घरात लहानपणापासून कानी पडतो. शास्त्रज्ञांच्या मते या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. लोक प्रत्यक्ष काय करतात हा एक, आणि लोकांना काय योग्य वाटते हा दुसरा. पहिल्याला जनरीत म्हणावे आणि दुसऱ्याला लोकमत. दोन्ही एकाच दिशेने ओढत असतील तर प्रश्न नसतो. त्या परस्परविरुद्ध ओढू लागल्या म्हणजे गंमत सुरू होते.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अश्मीभूत अरण्याचे एक राष्ट्रीय उद्यान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची खोडे तेथे दगड होऊन पडलेली आहेत, आणि पाहायला आलेले लोक त्यांचे लहान लहान तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डीनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील वाटांवर खुणा केलेले तुकडे मांडून ठेवले आणि वाटेच्या तोंडाशी निरनिराळ्या पाट्या लावल्या. एका पाटीचा आशय असा होता की, आजवर पुष्कळ लोकांनी तुकडे नेले आणि त्यामुळे अरण्याचे रूप पालटले. दुसऱ्या पाटीवर तुकडे नेऊ नयेत एवढीच साधी विनंती होती. पहिली पाटी असताना खुणेच्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के नाहीसे झाले, तर दुसरी असताना २ टक्क्यांहूनही कमी. पहिल्या पाटीने लोकांना खडसावले खरे, परंतु खडसावता खडसावता तिने एक बातमीही दिली : ही चोरी सगळेच करतात. वाचणाऱ्याने दोष देणारा भाग सोडून दिला आणि बातमी तेवढी घेतली.

हा धडा भारतातील प्रत्येक नगरपालिकेने आपल्या पाट्या रंगविण्यापूर्वी वाचावा असा आहे. ‘या कोपऱ्यावर रोज शेकडो लोक कचरा टाकतात’ असे सखेद जाहीर करणारा फलक कचरा टाकणाऱ्याला सोबत मिळवून देतो. जिन्याच्या कोपऱ्यात कोणी थुंकू नये म्हणून देवादिकांच्या चित्रांच्या फरशा बसविणारा चाळमालक या बाबतीत अधिक धूर्त म्हटला पाहिजे. तो किती लोक थुंकतात हे सांगण्याच्या भानगडीत पडत नाही.

दुसरा प्रयोग कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस या गावी झाला आणि २००७ साली प्रसिद्ध झाला. वेस्ली शुल्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २९० घरांचे विजेचे मीटर वाचून प्रत्येक दाराला एक चिठ्ठी अडकवली. तुमच्या घरी इतकी वीज खर्च झाली, तुमच्या वस्तीची सरासरी इतकी, एवढाच तिच्यातील मजकूर. सरासरीहून अधिक वीज जाळणाऱ्या घरांनी आपला खर्च दिवसाला सुमारे सव्वा युनिटाने कमी केला. इथवर सारे अपेक्षेप्रमाणे झाले. परंतु जी घरे मुळातच कमी वीज वापरत होती त्यांचा खर्च दिवसाला सुमारे ०.९ युनिटाने वाढला! आपण उगीचच इतरांपेक्षा जास्त काटकसर करतो आहोत असे त्यांना वाटले असावे. जनरीत ही अशी दुतर्फी ओढणारी दोरी आहे. ती उधळ्याला खाली खेचते तशी काटकसऱ्याला वर खेचते.

याच प्रयोगाचा दुसरा भाग अधिक उद्बोधक आहे. काही चिठ्ठ्यांवर आकड्यांच्या शेजारी एक चेहरा काढला होता. कमी वीज वापरणाऱ्यासाठी हसरा, जास्त वापरणाऱ्यासाठी दुर्मुखलेला. हसरा चेहरा पाहणाऱ्या घरांचा खर्च वाढला नाही. आकडा जनरीत सांगत होता, चेहरा लोकमत सांगत होता. आणि पेनाने काढलेल्या दोन ठिपक्यांनी व एका वक्ररेषेने जनरीतीची ओढ थोपवून धरली.

लोकांना स्वतःवरील या दडपणाची जाणीव असते काय? जेसिका नोलन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कॅलिफोर्नियातील नागरिकांना विजेच्या बचतीची कारणे विचारली होती. निसर्गरक्षण, समाजहित, पैशाची बचत ही कारणे लोकांनी महत्त्वाची मानली. शेजारी बचत करतात हे कारण सर्वांत शेवटी आले. परंतु प्रत्यक्ष वर्तनाशी ताडून पाहता सर्वांत घट्ट संबंध आढळला तो याच शेवटच्या कारणाशी. मनुष्य शेजाऱ्याकडे पाहून वागतो आणि वागून झाल्यावर त्याला एखादे भारदस्त कारण चिकटवतो.

या ज्ञानाचा व्यापारी उपयोगही झाला. अमेरिकेतील वीज कंपन्यांनी अशा तुलनेची पत्रके लाखो घरांत धाडली. हंट ऑलकॉट यांनी सुमारे ६ लाख घरांची आकडेवारी तपासली, तेव्हा सरासरी २ टक्के बचत आढळली. दोन टक्के हा आकडा तुटपुंजा वाटेल. पण तेवढीच बचत दर वाढवून साधायची तर विजेचा भाव ११ ते २० टक्के चढवावा लागला असता, असे त्यांचे गणित आहे. भारतात अनंत सुदर्शन यांनी दिल्लीजवळच्या एका उपनगरात असाच प्रयोग केला. शेजाऱ्यांशी तुलना करणारी पत्रके मिळालेल्या घरांनी उन्हाळ्यात सुमारे ७ टक्के वीज वाचविली. काही घरांना मात्र पत्रकाबरोबर पैशाचे बक्षीस-दंडही लावले होते, आणि तेथे बचत दिसेनाशी झाली. जी गोष्ट अब्रूची होती ती व्यवहाराची झाली, आणि व्यवहारात थोडी जास्त वीज विकत घेण्यात कमीपणा कसला?

सर्वच प्रयोग असे ठाशीव निघत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. हॉटेलातील पाहुण्यांना ‘येथील बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असे कळविल्यास पुन्हा वापराचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर जाते, असे अमेरिकेतील एका गाजलेल्या प्रयोगात २००८ साली आढळले. जर्मनीतील हॉटेलांत तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा लाभ दिसला नाही. जनरीत हे बल खरे, पण प्रत्येक देशात आणि प्रत्येक दारात त्याचे माप सारखेच असेल असे नाही.

सज्जनाचा राग का येतो

आता निवाड्याची दुसरी बाजू पाहू. जो मनुष्य इतरांपेक्षा स्वच्छ, साधा आणि निरुपद्रवी जगतो त्याचा आदर व्हावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्याच्याविषयी लोक कुरकुरतात असा अनुभव आहे. पिशवी विसरलेल्या मित्राबरोबर बाजारात गेलेल्या आणि स्वतःची पिशवी मुकाट्याने काढणाऱ्या माणसाने एक शब्दही उच्चारलेला नसतो; तरीही मित्र म्हणतो, ‘आता याचे व्याख्यान ऐकावे लागणार!’

ज्युलिया मिन्सन आणि बेनुआ मोनँ या दोघांनी २०१२ साली या कुरकुरीचे मूळ शोधले. त्यांनी मांसाहार करणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना शाकाहारी म्हटल्यावर मनात येणारे शब्द लिहावयास सांगितले. सुमारे ४७ टक्के विद्यार्थ्यांनी निदान एक तरी दूषण देणारा शब्द लिहिला. शाकाहारी लोक आपल्याला नीतीने हलके समजत असतील, असे ज्यांना जितके अधिक वाटत होते, तितकी त्यांची भाषा कठोर होती. दुसऱ्या एका गटाला आधी हाच प्रश्न विचारला, म्हणजे शाकाहारी तुमच्याविषयी काय विचार करीत असतील हे मनात आणवले, आणि मग मत विचारले. तेव्हा मते आणखी कडवट झाली. अर्थात सज्जनाने केलेल्या निंदेचा हा सूड नव्हे. निंदा होण्यापूर्वीच घेतलेला हा पवित्रा आहे. आपण वाईट ठरणार या भीतीने मनुष्य ठरविणाऱ्यालाच आधी वाईट ठरवून टाकतो.

भारतात हा प्रयोग जसाच्या तसा करता येणार नाही. पाश्चात्य देशांत शाकाहारी मनुष्य हा अल्पसंख्य, आणि बहुधा स्वतःच्या विचाराने तसा झालेला असतो. येथे कोण काय खातो हे पुष्कळदा जन्माने ठरते आणि त्याला जातीच्या उच्चनीचतेचा व सोवळ्याओवळ्याचा वास येतो. त्यामुळे मांसाचे उत्पादन हवामानाला महाग पडते हे विधान, शास्त्रदृष्ट्या खरे असूनही, भारतात उच्चारले गेले की त्याचा अर्थ बदलतो. ज्याच्या ताटाकडे पिढ्यान्‌पिढ्या तुच्छतेने पाहिले गेले त्याला त्यात नवा शोध ऐकू येत नाही, जुनाच अपमान ऐकू येतो. पर्यावरणाचा प्रचार करणाऱ्याने हे ओळखले नाही तर त्याचे विज्ञान बाजूला राहते आणि भलताच तंटा उभा राहतो.

लाज वाटायला लावणे

स्वीडिश भाषेत ‘फ्लीगस्काम’ असा एक शब्द २०१८ च्या सुमारास रूढ झाला. त्याचा अर्थ विमानप्रवासाची लाज. विमानाने जाणे सोडून आगगाडीने जाणाऱ्या खेळाडू, गायक आदी नामवंतांमुळे आणि पुढे ग्रेटा थुनबर्ग या शाळकरी मुलीच्या चळवळीमुळे तो जगभर पसरला. २०१९ साली स्वीडनच्या सरकारी विमानतळांवरील प्रवासी आदल्या वर्षापेक्षा ४ टक्क्यांनी घटले. देशांतर्गत प्रवासी तर ९ टक्क्यांनी. लाजेचा हा विजय म्हणून पुष्कळ ठिकाणी वर्णिला गेला. परंतु एप्रिल २०१८ मध्ये तेथे विमानप्रवासावर करही बसला होता, आणि स्वीडिश चलनही उतरले होते. लाजेचा वाटा किती आणि कराचा किती हे वेगळे काढण्यापूर्वीच २०२० साली महासाथ आली आणि विमाने जागच्या जागी उभी राहिली. तो कर पुढे जुलै २०२५ मध्ये रद्द झाला.

येथे एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. जगातील फार थोडे लोक विमानात बसतात. २०१८ सालच्या एका अंदाजानुसार त्या वर्षी जगातील केवळ ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या धुरास लोकसंख्येतील एक टक्का लोक कारणीभूत होते. म्हणजे स्वीडनमधील लाज ही सुस्थितीतील लोकांनी सुस्थितीतील लोकांना लावलेली होती, आणि ज्याला ती लागली त्याच्यापुढे आगगाडीचा पर्याय होता.

भारतातील लाजेचा सर्वांत मोठा प्रयोग याहून अगदी निराळा झाला. उघड्यावर शौचास जाण्याची रीत बंद व्हावी म्हणून गावोगाव जी मोहीम चालली तिच्यात लाज हे एक जाणूनबुजून उपसलेले हत्यार होते. महाराष्ट्रात पहाटे निघणाऱ्या ‘गुड मॉर्निंग पथकां’ची आठवण अनेक खेड्यांतून अजून ताजी असेल. कोठे गुलाबाचे फूल हाती देत, कोठे शिट्ट्या फुंकत, कोठे छायाचित्र काढीत, कोठे थेट पोलिसांच्या गाडीत बसवीत. हेतू चांगला होता यात शंका नाही. उघड्यावरील मैल्यातून पाण्यात जाणारे जंतू लहान मुलांचा जीव घेतात हे शास्त्राने निर्विवाद सिद्ध केले आहे. गाडगेबाबांच्या नावाने २००० सालापासून महाराष्ट्रात चाललेल्या ग्रामस्वच्छता अभियानात गावागावांत चढाओढ लावली होती, आणि चढाओढ ही लाजेची सौम्य बहीण पुष्कळ गावांना मानवली.

परंतु उत्तर भारतातील पाहण्यांनी एक अडचण उघडी केली. २०१४ साली पाच राज्यांच्या ग्रामीण भागात झालेल्या पाहणीत, ज्या घरी चालू शौचालय होते अशा घरांपैकी ४० टक्क्यांहून अधिक घरांत निदान एक माणूस उघड्यावरच जात होता. २०१८ च्या अखेरीस पुन्हा पाहणी झाली तेव्हा शौचालये पुष्कळ वाढली होती, पण शौचालय असूनही बाहेर जाणाऱ्यांचे प्रमाण फारसे हलले नव्हते. या हट्टामागे संशोधकांना आढळलेले एक प्रमुख कारण असे की, लहान खड्डा काही वर्षांनी भरणार, तो उपसावा लागणार, आणि उपसण्याचे काम अस्पृश्यतेशी जखडलेले आहे. एका लाजेला दुसरी, तिच्याहून कितीतरी जुनी लाज आडवी आली. आणखी असे की, सक्तीचा अनुभव दलित व आदिवासी कुटुंबांनी इतरांपेक्षा अधिक प्रमाणात सांगितला. लाजेचे हत्यार ज्याच्या हातात असते तो ते आपल्याहून वरच्यावर सहसा उगारीत नाही.

दिसणारे पाप आणि जड पाप

लोकांचा निवाडा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर चालतो. घरात कोणता शीतक चालू आहे, भिंतीत उष्णता अडवणारा थर आहे की नाही, पाण्याचा पंप किती वीज खातो, हे कोणाला दिसत नाही. हातातली पिशवी सर्वांना दिसते. म्हणून पिशवीवर जितकी नीती खर्च होते तितकी पंपावर होत नाही.

बरे, पिशवीचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली निरनिराळ्या पिशव्यांच्या जन्मापासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशेब मांडला. तेथील दुकानांतल्या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीशी तुलना करता साध्या कापसाची पिशवी केवळ हवामानाच्या दृष्टीने बरोबरीला यायला ५२ वेळा वापरावी लागते. आणि पाणी, जमीन, ओझोनचा थर वगैरे सर्व कसोट्या एकदम लावल्या तर सुमारे ७,१०० वेळा! समारंभात, परिषदेत, दुकानाच्या उद्‌घाटनाला फुकट वाटलेल्या आणि माळ्यावर साठलेल्या कापडी पिशव्यांचे पुण्य या हिशेबात फार थोडे भरते. जुन्या साडीची वा धोतराची शिवलेली पिशवी मात्र यातून सुटते, कारण तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागलेला नसतो.

तथापि डेन्मार्कचा हा हिशेब जसाच्या तसा भारतात आणणे चुकीचे ठरेल. फेकलेल्या पिशवीने होणारे नुकसान त्यात धरलेले नव्हते. डेन्मार्कमधील पिशवी बहुतांशी भट्टीत जळते. भारतातील पिशवी नाल्यात जाते, गायीच्या पोटात जाते. २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाली तेव्हा तुंबलेल्या नाल्यांतील पातळ पिशव्यांवरही ठपका आला. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आणि जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या कित्येक प्लॅस्टिकच्या वस्तूंना देशभर मनाई झाली, ती याच कारणाने योग्य होती. पण यावरून एवढे कळते की, एकच पिशवी एका प्रश्नापुरती निर्दोष आणि दुसऱ्या प्रश्नापुरती सदोष असू शकते. लोकांचा निवाडा इतकी बारीक वजने वापरीत नाही. भाजी देताना कॅरीबॅग पुढे करणारी भाजीवाली त्याच्या हाती चटकन सापडते. वेष्टनांचे डोंगर बाजारात ओतणारा कारखानदार सापडत नाही.

हे कारखानदारांच्या ध्यानात आले नसते तरच नवल. अमेरिकेत १९५३ साली देश स्वच्छ राखण्यासाठी एक संस्था निघाली. बाटल्या, डबे आणि पेये यांच्या व्यापाऱ्यांचा तिला पाठिंबा होता. तिने १९७१ साली प्रसृत केलेली एक जाहिरात अतिशय गाजली. घाणीने भरलेला रस्ता पाहून एका मूळ रहिवाशाच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतो, आणि प्रदूषण माणसांनीच सुरू केले, माणसेच ते थांबवतील, असा संदेश ऐकू येतो. अश्रू ढाळणारा नट वस्तुतः इटालियन वंशाचा होता हे पुढे उघड झाले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, या संदेशात बाटली बनवणारा कोठेच नव्हता. परत घेता येणारी काचेची बाटली बाजारातून हटवून फेकून द्यावयाची बाटली आणण्याचा निर्णय फेकणाऱ्याने केलेला नव्हता. २०२३ साली या जाहिरातीचे हक्क अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या राष्ट्रीय परिषदेकडे देण्यात आले आणि परिषदेने तिचा वापर बंद करण्याचे ठरवले.

करून दाखवणारा

उपदेशाहून आचरण प्रभावी असते हे म्हणायला शास्त्राची गरज नाही. परंतु किती प्रभावी हे मोजायला आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ५८ गावांतून घरांच्या छपरांवर सौर पट्ट्या बसवण्याची मोहीम झाली. प्रत्येक गावी एक स्थानिक स्वयंसेवक प्रचार करी. ज्यांनी स्वतःच्या छपरावर पट्ट्या बसवल्या होत्या त्या प्रचारकांना इतरांपेक्षा सुमारे ६३ टक्के अधिक घरे मिळाली. येथे कोणी कोणाला बोल लावला नव्हता. प्रचारकाला ही गोष्ट खरोखर मोलाची वाटते, याची खात्री त्याच्या छपराने दिली. हवामानशास्त्रज्ञांच्या बाबतीतही हेच आढळले आहे : स्वतः भरमसाट वीज जाळणाऱ्या तज्ज्ञाचा काटकसरीचा सल्ला लोक मानत नाहीत, मग त्याचे शास्त्र कितीही अचूक असो.

गावकीचा दंड

एवढे सर्व वाचल्यावर लोकांचा निवाडा हा निरुपयोगीच, असा ग्रह होऊ नये. शेकडो वर्षे टिकलेली राने, कुरणे आणि पाट बहुधा त्याच्याच जोरावर टिकले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील अशा सामायिक मालमत्तांचा अभ्यास केला आणि त्यासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या अभ्यासात स्वित्झर्लंडमधील ट्यॉर्बेल हे डोंगरी गाव येते. जितक्या गायी एखाद्याला हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर पोसता येतील त्याहून अधिक त्याने उन्हाळ्यात सामायिक कुरणात धाडू नयेत, असा नियम तेथे १५१७ सालचा आहे. नियम मोडणाऱ्याकडून जो दंड वसूल होई त्याचा अर्धा भाग वसूल करणाऱ्या गावच्या कारभाऱ्याला मिळे. त्यामुळे त्याची नजर चुकवणे अवघड होते. धुळे-नाशिकच्या पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीतही पाण्याची पाळी सांभाळणारे पाटकरी आणि जागले हे गावचेच असत आणि पाणी वापरणाऱ्यांनाच जबाबदार असत.

या गावांतील निवाडा आणि आजच्या शहरातील निवाडा यांत फरक आहे. तेथे नियम ज्यांना पाळायचा त्यांनीच केलेला असे. माप सर्वांना एकच असे, आणि ते मोजता येई : इतक्या गायी, इतकी वैरण. पहिल्या चुकीची शिक्षा हलकी असे. आणि नियमच चुकला असेल तर तसे म्हणायला जागा असे.

जपानमधील हिरानो या गावची हकीकत या दृष्टीने मनोरंजक आहे. गावच्या सामायिक रानात ठरलेल्या दिवसापूर्वी कोणी शिरू नये यासाठी राखणदार नेमलेले असत. बेकायदा शिरलेल्याकडून रोख रक्कम आणि ‘साके’ नावाचे मद्य मागून घेणे हा त्यांचा रिवाजाने मान्य झालेला हक्क होता. एकदा एक राखणदार घोड्यावरून फेरी मारीत असता त्याला रानात तीस माणसे आढळली. त्यांत गावातील कित्येक प्रमुख घराण्यांचे कर्ते होते. भाजीच्या वेलांना मांडव घालण्यासाठी लागणाऱ्या काठ्या ती तोडीत होती. रान खुले व्हायला अवकाश होता, आणि तोवर थांबावे तर त्या वर्षीचे सगळे वेल वाया जाणार होते. रान उघडण्याचा दिवस ठरवताना गावच्या मुख्यानेच चूक केली, असे त्यांचे म्हणणे पडले. पुष्कळ वाटाघाटी झाल्या. नियम मोडला होता हे खरेच. पण मुख्याचा दिवसही चुकला होता हे मान्य झाले. तेव्हा या खेपेला साके न घेता त्यांनी गावच्या शाळेला देणगी द्यावी असे ठरले.